थोरलीचा आवाज

बायको गेली तो मंगळवार होता. मी तिच्या उशाशी होतो. डोळे मीच मिटले, दवाखान्याच्या कागदांवर सह्या मीच केल्या. तरीही ती गेली हे मला कळलं त्यानंतर अडतीस दिवसांनी, एका शुक्रवारी सकाळी, लिफ्टच्या टपावर उभा असताना.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं हेच केलं. लोक मला मिस्त्री म्हणतात. बायको ज्या इमारतीत टीव्हीच्या मालिकांना आवाज द्यायला जायची, तिथली लिफ्ट माझ्याकडेच आहे. त्या दिवशी ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. तिसऱ्या मजल्याचं दार चावीनं उघडून मी टपावर उतरलो आणि दाराचा पट्टा तपासत होतो. त्याच मजल्यावर स्टुडिओ आहे. तिथला रेकॉर्डिस्ट बाहेर आला आणि उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. त्याला सगळे कानसेन म्हणतात. हातात कापडी पिशवी होती.

"मिस्त्री, वहिनींच्या वस्तू. कपाटात राहिल्या होत्या."

पिशवीत तिची पाण्याची बाटली, एसीत पांघरायची शाल आणि वाचायचा चष्मा होता. मी हात पुसून पिशवी घेतली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अजून किती भाग शिल्लक आहेत रे तिचे?"

"कसले भाग?"

"तिनं आवाज देऊन ठेवलेले. तीन महिन्यांचं काम पुढे करून ठेवलंय म्हणाली होती. अजून तीनेक आठवडे पुरतील ना?"

कानसेन माझ्याकडे न बघता लिफ्टच्या दोराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आधी वर या. तिथं उभं राहून नको."

"बोल की."

"वहिनींचा शेवटचा भाग दोनशे बारावा. त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी लागला तो. तीन महिन्यांचं काम कोण पुढे ठेवतंय? आम्हाला तीन आठवड्यांचं मिळालं तरी आम्ही नाचू."

"आणि कालचा?"

"काल दोनशे चाळीसावा होता. धाकट्या बाई करतात. वहिनींच्याच आवाजात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? हुबेहूब, मिस्त्री. मी डोळे मिटून ऐकलं तर मलासुद्धा..."

"गप्प बस," मी म्हणालो.

मी पट्टा चढवला, दार चारदा उघडमीट करून पाहिलं आणि वर आलो. काम नीट झालं. सत्तावीस वर्षांची सवय आहे, ती रागातही चुकत नाही.

चूक दुसरीकडे झाली होती. मी तळमजल्यावर उभा राहून वरच्या मोटारीचं कोणतं बेअरिंग जाणार ते आवाजावरून सांगतो. दुसरे मिस्त्री मला फोन लावून मशीनजवळ धरतात आणि विचारतात, काय झालंय हिला. असा मी. आणि चोवीस संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसून माझ्या मेलेल्या बायकोचा आवाज ऐकत होतो, तो तिचा नव्हता. चोवीसांतला एकही भाग तिचा नव्हता. मला कळलं नाही.

पहिले काही दिवस घरात माणसं होती, टीव्ही बंद होता. ती पांगली, त्या सोमवारपासून मी शनिवार-रविवार सोडून रोज साडेसातला टीव्ही लावायला लागलो. सातनंतरचं काम घेणं बंद केलं. कुणी लिफ्टमध्ये अडकलं तरी आठला येतो म्हणायचो. ताट घेऊन समोर बसायचो. बाकीची पात्रं बोलत असली की आवाज कमी करायचो, ती बोलायला लागली की वाढवायचो. शेजारचा एकदा म्हणाला, "मिस्त्री, हे बरं नाही हो." त्याला सांगितलं, "अजून थोडेच भाग उरलेत. संपले की बंद करीन." मी मनात आकडा धरून होतो. त्या आकड्यावर माझा दिवस उलटत होता.

आता मालिकेबद्दल सांगायला हवं. जुन्या काळातली गोष्ट आहे. मूळ मालिका दुसऱ्या भाषेत आहे, आपल्याकडे आवाज बदलून दाखवतात. एका राजाला दोन मुली. राज्य थोरलीचं, पण राजा मरताना धाकटीला देऊन जातो. धाकटी राणी होते. थोरली मग काय काय करते: धाकटीच्या प्रधानाला मारवते, किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देते. थोडक्यात, थोरली खलनायिका. तिला आवाज माझ्या बायकोचा. आणि राणीला आवाज माझ्या मेहुणीचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा.

हे असं ठरलेलं नव्हतं. राणीसाठी आवाजाची चाचणी द्यायला बोलावलं होतं ते माझ्या बायकोला. तिनं आठ दिवस घरात त्या ओळी म्हटल्या. तेव्हा मेहुणी आमच्याकडेच राहायला होती, तिच्या घरात रंगकाम चालू होतं म्हणून. आठ दिवस तिनं ऐकलं. चाचणीच्या दिवशी तीही गेली आणि माझ्या बायकोच्या आधी आत शिरली. ओळी त्याच, थांबायच्या जागा त्याच, आवाजही माझ्या बायकोचा. मग माझी बायको आत गेली तेव्हा डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला, "बाई, हे आत्ताच ऐकलं. जरा वेगळं काही आहे का तुमच्याकडे?"

तिला वेगळं काय असणार? तिचंच होतं ते.

मेहुणीला राणी मिळाली, हिला थोरली. दोघींचा आवाज सारखा चालणार नव्हता, म्हणून राणी मेहुणीनं पुढे स्वतःच्या आवाजात केली. त्या दिवसापासून दोघी बोलायच्या बंद झाल्या. डबिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळा घेतात, एकमेकांसमोर यावंच लागत नाही. त्यामुळे वर्षभर दोघी बहिणी रोज साडेसातला टीव्हीवर एकमेकींशी कडाडून भांडायच्या आणि प्रत्यक्षात एकमेकींशी एक शब्द बोलायच्या नाहीत.

मी घरी शिव्या घालायचो. चोर म्हणायचो, फुकटी म्हणायचो. बायको कागदावर खुणा करत बसलेली असायची. तिची पद्धत होती: निळ्या पेनानं, श्वास घ्यायचा तिथं तिरकी रेघ, थांबायचं तिथं टिंब. भाषांतरकारानं "हे ज्येष्ठ भगिनी" असलं काही लिहिलं की ती खोडून "ताई" लिहायची. म्हणायची, "ज्येष्ठ भगिनी म्हणून हाक मारली तर कुठली बहीण वळून बघेल?"

दिग्दर्शकाला 'झालंका' म्हणतात, कारण तो दिवसभर तेवढंच विचारतो. पहिल्याच आठवड्यात तो तिला म्हणाला, "बाई, खलनायिका आहे ती. जरा गडगडाटी हसा."

ही म्हणाली, "जिचं राज्य गेलं ती हसेल कशाला?"

ती हसली नाही. थोरलीचं प्रत्येक वाक्य तिनं हळू म्हटलं, जसं घरातलं माणूस घरातल्या माणसाला लागेल असं बोलतं. पडद्यावरची नटी डोळे वटारायची आणि आवाज असा यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हिचं काय चुकलं? लोकांना थोरली आवडायला लागली. लिफ्टमध्ये बायका मला थांबवून विचारायच्या, "मिस्त्री, थोरलीला मारणार नाहीत ना हो?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ती राणी गोड बोलते, पण खरी माझी थोरलीच." घरी येऊन मी हे सांगितलं की ही म्हणायची, "बरं," आणि पुढच्या पानावर रेघा मारायची. मालिकेच्या शेवटी आवाज देणाऱ्यांची नावं येत नाहीत. तिचं नाव एकदाही आलं नाही. एवढी एकच गोष्ट तिनं बोलून दाखवली होती, की एकदा नाव यावं.

त्या शुक्रवारी दुपारी मी मेहुणीकडे गेलो. चौथ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. तशा इमारतीत राहणारी माणसं मला एरवीही आवडत नाहीत.

"भावोजी? या ना. पाणी..."

"पाणी नको. दोनशे तेरापासून कोण बोलतंय?"

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "मी."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच तुम्हाला सांगायला आले नाही."

खोलीत भिंतींना जाड गोधड्या टांगल्या होत्या, सराव करताना आवाज घुमू नये म्हणून. इस्त्रीच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. मी उभाच राहिलो.

"लहानपणापासून तू हेच केलंस. बापानं काम सांगितलं की स्वयंपाकघरातून तिच्या आवाजात 'हो, करते' म्हणायचीस आणि पळून जायचीस. मार तिला बसायचा. मला सगळं माहीत आहे."

"मग मला माहीत नाही होय?" आता तिचाही आवाज चढला. "त्या घरात तुम्ही नव्हता, भावोजी. मी होते. थोरलीसारखं बोल, थोरलीसारखं वाच, थोरलीसारखे मार्क आण. उठता-बसता हेच. माझं स्वतःचं बोलणं कुणी ऐकलंच नाही. मग मी थोरलीसारखी बोलायला लागले, तर मी चोर!"

"मालिकेतलं भाषण नको मला."

"भाषण नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"मी हे विचारलं नव्हतं. मी विचारतो, ती एकवीस दिवस दवाखान्यात होती. तू किती वेळा आलीस?"

"चार वेळा."

"खोटं बोलतेस."

"तुम्हाला ताई दुपारी दोन ते पाच कामावर धाडायची. मी तेव्हा यायचे. ताईनंच सांगितलं होतं, हे असताना येऊ नकोस, भांडतील."

भांडलो असतो, हे खरंच होतं. त्यानं माझा राग आणखीच वाढला.

"कशाला बोलावलं तुला? काय म्हणाली?"

मेहुणी खिडकीकडे बघत म्हणाली, "'ऐक. थोरलीचं काम तूच कर. दुसरी कुणी आली तर तिला हसायला लावतील. आणि आमच्या मिस्त्रींना काही सांगू नकोस. ऐकू दे त्यांना थोडे दिवस.'"

हे मेहुणीच्या तोंडून आलं आणि ते माझ्या बायकोनं म्हटलं होतं. मालिकेतला आवाज नव्हे. दवाखान्यातला. कोरडा पडलेला, वाक्याच्या शेवटी श्वास न पुरणारा. तो आवाज मी एकटा ओळखत होतो असं मला वाटत होतं.

मी इस्त्रीच्या टेबलावर हात आपटला. टेबल कलंडलं, कागद खोलीभर झाले.

"तिच्या आवाजात बोलू नकोस! स्वतःच्या आवाजात सांग मला!"

तिनं तोंडावर हात दाबला. मग म्हणाली, "मला ते वेगळं करता येत नाही, भावोजी. तिचं वाक्य आठवलं की तिचाच आवाज येतो. मुद्दाम नाही काढला."

मी कागद गोळा करायला वाकलो, कारण काहीतरी करायला हवं होतं. कागदांवर निळ्या पेनाच्या तिरक्या रेघा होत्या. टिंबं होती. एका पानावर कडेला तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'इथं रडू नकोस, राणी रडते, थोरली नाही.' वर भाग क्रमांक दोनशे सव्वीस. म्हणजे दवाखान्यात, सलाईन लावलेल्या हातानं. मला म्हणायची, शब्दकोडी सोडवत होते.

"वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हतात," मी म्हणालो, "आणि मला फसवायला एक झालात."

"हो. तेवढ्यापुरत्या झालो."

"तीन महिन्यांचं काम पुढे आहे, हे पण तुमचं दोघींचं ठरलेलं?"

"ते तिचं एकटीचं. मला माहीत असतं तर मी तीन महिने म्हटलं नसतं. कुणाला पटेल?"

मला पटलं होतं.

खुणा दोनशे एकतिसाव्या भागापर्यंत होत्या. त्यापुढची पानं कोरी. त्यापुढचं मेहुणी अंदाजानं करत होती. मी पानं उलटत शेवटच्या, अडीचशेव्या भागावर आलो. वाचलं. थोरली पकडली गेली आहे, जखमी आहे, कोठडीत मरायला टेकली आहे. राणी एकटीच तिला भेटायला येते. राणी म्हणते, "ताई, राज्य तुझं होतं. मला माहीत होतं. मला माफ कर." थोरली भिंतीकडे तोंड करून बसलेली. ती म्हणते, "केलं माफ. जा, सुखानं राज्य कर." आणि मरते.

मी ते दोनदा वाचलं.

"माफी मागणार तू," मी म्हणालो. "आणि देणार पण तूच."

"मी लिहिलेलं नाही ते. मूळ मालिकेतच तसं आहे."

"पण सोयीचं आहे की! तिची चाचणी तू चोरलीस. आता तिच्याच आवाजात स्वतःला माफ करून घेणार. साऱ्या लोकांसमोर. वा!"

ती खाली बसली, विखुरलेल्या कागदांतच.

"त्या चाचणीबद्दल ताई काही बोलली नाही," ती म्हणाली. "मीही विषय काढला नाही. चारही वेळा आम्ही फक्त श्वास कुठे घ्यायचा ते बोललो. पाचव्या वेळी विचारणार होते. मंगळवारी येणार होते मी."

मंगळवार कोणता ते मला सांगायची गरज नव्हती.

मला तिची दया आली असं कुणाला वाटेल. आली नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की ही वर्षभर थांबली, अजून एक मंगळवार कशाला थांबली? सोमवारी का नाही आली?

मी जायला निघालो तेव्हा तिनं एक पत्र दिलं. शेवटच्या भागानंतर पडद्यावर नाव दाखवणार होते, 'थोरलीचा आवाज' असं लिहून माझ्या बायकोचं नाव आणि फोटो. ते मेहुणीनं भांडून मिळवलं होतं. स्वतःचं नाव मागितलं नव्हतं. नवरा म्हणून माझी संमती हवी होती. पत्रात एक वाक्य होतं की मालिकेतल्या थोरलीच्या पात्राला संपूर्ण आवाज माझ्या पत्नीचा आहे.

"संपूर्ण?" मी म्हणालो.

"एवढं चालवून घ्या. तिला नाव हवं होतं."

"तिला काय हवं होतं ते तू मला शिकवू नकोस," असं म्हणून मी पत्र खिशात घातलं आणि चार मजले उतरलो.

सोमवारी टीव्ही लावला नाही. मंगळवारी लावला, पण आता ऐकण्यासाठी नाही, पकडण्यासाठी. मशीनपाशी बसतो तसा कान लावून बसलो. कुठंतरी चुकेल, कुठंतरी फरक सापडेल, आणि मग मी म्हणू शकेन की मला आतून कळत होतं. सापडला नाही. श्वाससुद्धा तिचाच. मी टीव्ही बंद केला आणि मोठ्यानं बोललो. तिला. फोटोपुढे उभं राहून वगैरे नाही, स्वयंपाकघरात भांडी घासता घासता. म्हटलं, ऐकू दे थोडे दिवस म्हणजे काय? मी काय लहान मूल आहे, झोपेपर्यंत खेळणं हातात ठेवायला? दुपारी तीन तास मला बाहेर काढून बहिणीला शिकवत बसलीस. ते तीन तास माझे होते. एकवीस दिवसांतले रोजचे तीन तास. मला सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो, आणि मग बसलो असतो तिथंच, कोपऱ्यात, तुमच्या रेघा बघत.

मेलेल्या माणसावर रागावलं की तो राग कुठं ठेवायचा ते कुणी सांगत नाही.

बुधवारी शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. मी पत्र घेऊन गेलो. लिफ्ट नीट चालत होती तरी जिन्यानं गेलो.

कानसेननं मला त्याच्या यंत्राशेजारी खुर्ची दिली. काचेपलीकडे मेहुणी उभी, कानाला हेडफोन, समोर पडदा. झालंका मागे सोफ्यावर बसून घड्याळ बघत होता.

"मिस्त्री, सही आणलीत ना? झालं का मग?"

"बघू," मी म्हणालो.

आधी राणी घेतली. मेहुणी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "ताई, राज्य तुझं होतं. मला माहीत होतं. मला माफ कर." एका दमात, एकाच टेकमध्ये. कानसेननं माझ्याकडे बघितलं. ते चांगलं झालं होतं. इतकं चांगलं ती कधी बोलली नव्हती, हे मला मान्य करावं लागेल.

मग थोरली. पडद्यावर कोठडी आली. नटी आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. कानसेन माझ्या कानाशी म्हणाला, "इथं काम सोपं आहे. पाठमोरी आहे, ओठ दिसत नाहीत. काय वाटेल ते बसतं."

"म्हणजे?"

"ओठ दिसले तर त्यांना धरून बोलावं लागतं. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही काहीही घाला. चार सेकंद आहेत."

"आणि काहीच घातलं नाही तर?"

"तरी चालतं. खाली वाऱ्याचा आवाज आहे."

काचेपलीकडे मेहुणीनं श्वास घेतला. तो माझ्या बायकोचा श्वास होता. आता ती माझ्या बायकोच्या तोंडून स्वतःला माफ करणार होती. आत बोलायचं बटण कानसेनच्या हाताशी होतं. मी ते दाबलं.

"म्हणू नकोस," मी म्हणालो.

तिनं वळून बघितलं. झालंका सोफ्यावरून उठला. "अहो मिस्त्री, हे काय? तुम्ही तुमची लिफ्ट बघा. हे आमचं काम आहे."

"सही हवी आहे ना? मग बसा खाली." मी बटण सोडलं नव्हतं. "हे वाक्य तिच्या आवाजात म्हणायचं नाही. तिनं माफ केलेलं नाही. तू विचारलं नाहीस, तिनं दिलेलं नाही. जे दिलेलंच नाही ते तू घेणार नाहीस. या वेळी नाही."

मेहुणीनं हेडफोन काढून गळ्यात अडकवला. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. ती माईकजवळ आली आणि स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाली, "बरं. नाही म्हणत. मग काय म्हणू?"

"काय?"

"तुम्ही सांगा. 'नाही' म्हणू? 'चालती हो' म्हणू? गप्प बसू? तुम्ही तेवीस वर्षं तिच्याबरोबर राहिलात, भावोजी. ताई काय म्हणाली असती?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. वर्षभर तयार होतं. कधीच माफ करणार नाही, असं ती म्हणाली असती, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण ती असं कधी म्हणाली होती, ते आठवेना. शिव्या मी घालायचो. चोर मी म्हणायचो. ती रेघा मारत बसायची. एकदा तिनं एवढंच म्हटलं होतं, "जेवा आता, गार होतंय." बहिणीबद्दल तिला काय वाटतं हे वर्षभरात मी एकदाही विचारलं नव्हतं. माझा राग तोच तिचा, असं मी धरून चाललो होतो. आणि ती मला काही न सांगता तिला बोलावून श्वास शिकवत होती.

"सांगा ना," मेहुणी म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच हवं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि तेव्हा मला जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. तो कुणावर होता ते नक्की सांगता येणार नाही. त्या खोलीत जे जे होते त्या सगळ्यांवर, आणि जी नव्हती तिच्यावर.

झालंका हळूच म्हणाला, "मग मूळ आहे तेच ठेवू का?"

"नाही," मी आणि मेहुणी एकदमच म्हणालो.

मी पत्र काढलं. 'संपूर्ण' हा शब्द खोडला. लिफ्टच्या वहीत लिहितो तसं खाली लिहिलं: भाग एक ते दोनशे बारा, माझी बायको. दोनशे तेरा ते अडीचशे, तिची धाकटी बहीण. दोघींची नावं घातली, तारीख घातली, सही केली. दोन माणसांनी केलेलं काम एकाच्या नावावर मी आजवर वहीत घातलेलं नाही.

मेहुणी बाहेर आली आणि वाचून म्हणाली, "माझं नाव नको. लोक म्हणतील, आवाज पण चोरला."

"म्हणू देत. खरं आहे ते लिहिलंय. तुला बरं वाटावं म्हणून नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

झालंका म्हणाला की चॅनेलला विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा.

परवा चॅनेलचा फोन आला. दोन्ही नावं येणार आहेत. आज रविवार आहे. शेवटचा भाग येत्या गुरुवारी लागेल. कानसेननं बाकी सगळं जोडून ठेवलंय, ती जागा तेवढी सोडून, आणि उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो म्हणालाय. मेहुणीनं सकाळपासून दोनदा फोन केला. मी उचलला नाही. राणी माफी मागते, थोरली भिंतीकडे तोंड करून बसलेली आहे, आणि त्या चार सेकंदांत तिनं काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.